पदवी हातात आली, आता परराज्यात जायचे कुठे?

उन्हाळ्याच्या परीक्षा आटोपून निकाल लागले की पनवेल-उरण भागातील घराघरांत एकच विषय सुरू होतो. मुलगा बी.कॉम. झाला, मुलगी बी.एस्सी. झाली, आता पुढे काय? पूर्वी याचे उत्तर ठरलेले असे. पासपोर्ट काढा आणि मामाच्या ओळखीने दुबई किंवा कुवेत गाठा. आता बंगळुरू, हैदराबाद, सुरत, चेन्नई ही नावे जास्त ऐकू येतात. बदल चांगला आहे. मात्र एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. आखातात जाताना आपला माणूस दहा जणांना विचारतो. पगार किती, खोली कोण देणार, व्हिसा कसला, कफील कसा, सगळे तपासतो. आपल्याच देशातील दुसऱ्या राज्यात जाताना मात्र मित्राच्या एका फोनवर बॅग भरतो. व्हिसा लागत नाही म्हणून चौकशीही लागत नाही, असे त्याला वाटते.

या लेखात आम्ही चिरनेर आणि आसपासच्या गावांतील मुले डोळ्यांसमोर ठेवली आहेत. चिरनेर हे उरण तालुक्यातले गाव. १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे त्याचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे, आणि बाजार व कॉलेजसाठी गावातली माणसे पनवेलकडे पाहतात. येथून बाहेर पडणाऱ्या मुलाची स्थिती मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलापेक्षा वेगळी आहे. ती का, हे शेवटी येईलच.

शहर नव्हे, बाजार निवडा

मुले शहराच्या नावावर भुलतात. आमचे म्हणणे असे की आधी धंदा ठरवावा, मग त्या धंद्याचा बाजार कोठे आहे ते पाहावे आणि शहराचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. ज्या गावात तुमच्या कामाचे पन्नास मालक आहेत तेथे पहिली नोकरी सुटली तरी दुसरी गल्लीतच मिळते. ज्या गावात एकच मोठी कंपनी आहे तेथे पगार चार पैसे जास्त असेल, पण त्या साहेबाशी बिनसले की सामान बांधून घरी यावे लागते. म्हणून पहिल्या नोकरीपेक्षा दुसरी नोकरी कोठे मिळेल याचा विचार अगोदर केला पाहिजे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तेथील गलाई व्यावसायिक, म्हणजे जुने दागिने वितळवून सोने-चांदी शुद्ध करून देणारे कारागीर, केरळपासून काश्मीरपर्यंत पसरले आहेत. त्यांची रीत साधी आहे. मुलगा थेट नव्या गावी दुकान थाटत नाही. तो आधी परराज्यातील एखाद्या नातेवाइकाच्या भट्टीवर राहतो, काम शिकतो, तिथली भाषा बोलू लागतो आणि सराफांचा विश्वास मिळवतो. मग ज्या गावात सराफ कट्टा आहे पण गलाईवाला कमी आहे असे गाव शोधून तेथे जातो. शहर सुंदर आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या हिशेबात येतच नाही. आपल्या समाजात भटकळच्या नवायत व्यापाऱ्यांनी चेन्नई आणि विजयवाडा येथे जे पाय रोवले त्यामागेही हीच पद्धत दिसते. एक जण आधी गेला आणि त्याच्या दुकानात पुढचा तयार झाला.

पदवीधर मुलगा म्हणेल, मी काही गलाईवाला नाही. खरे आहे, पण हाच नियम त्यालाही लागतो. चिरनेरच्या मुलाजवळ पदवीखेरीज आणखी एक हुन्नर असतो आणि त्याची किंमत त्याला ठाऊक नसते. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून या भागातील मुले कंटेनर यार्ड, ट्रेलर, गोदाम आणि कस्टमची कागदपत्रे पाहत वाढली आहेत. बिल ऑफ एन्ट्री म्हणजे काय, डिलिव्हरी ऑर्डर कोण देतो, कंटेनर वेळेत सुटला नाही तर दंड कसा चढतो, हे नागपूरच्या पदवीधराला शिकवावे लागते. तुम्ही ते गावातच ऐकलेले असते. ही माहिती कोणत्याही बंदरात चालते.

मग बंदरे पाहू. गुजरातेत मुंद्रा आहे, खासगी बंदरांत अतिशय मोठे, आणि शेजारी गांधीधाम-कांडला. तमिळनाडूत चेन्नई, एन्नोर आणि काट्टुपल्ली ही तीन बंदरे एकमेकांजवळ आहेत. केरळात कोची आहे आणि २ मे २०२५ रोजी उद्घाटन झालेले विळिंजम आहे. विळिंजमचे नाव वर्तमानपत्रात मोठे आले म्हणून मुले तिकडे पाहतात. पण तेथील काम आज मुख्यतः एका जहाजातून कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवण्याचे आहे. माल देशात फारसा येत नाही, मग क्लिअरिंगवाल्याच्या हाताला काम कोठून मिळणार? मुंद्र्यात काम भरपूर आहे, पण गाव लहान आणि सगळे काही एका बंदराभोवती फिरते. आमची पसंती चेन्नईला आहे. तीन बंदरे, मोटारींचे कारखाने, शिवाय आंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेठ येथून येणारा कातड्याचा निर्यात माल, असे तेथे धंद्याचे अनेक दरवाजे आहेत. वाणियंबाडी-आंबूर पट्ट्यात चामड्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हाती आहे आणि त्यांच्याशी उर्दूत बोलता येते. चामड्याच्या कामातच पुढे शिकायचे असेल तर १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्थाही चेन्नईतच आहे. अडचण एकच. तमिळ शिकल्याशिवाय गत्यंतर नाही.

या धंद्यात एक बारकावा आहे. कस्टम ब्रोकरकडे काम करणाऱ्या माणसाला जे ओळखपत्र मिळते ते ब्रोकरमार्फत मिळते आणि नोकरी सोडली की परत करावे लागते. नव्या राज्यात नवा ब्रोकर नवे कार्ड काढील तेव्हाच कस्टम हाऊसचा दरवाजा उघडेल. मात्र जी-कार्डाची परीक्षा पास झालेल्या मुलाला कोणताही ब्रोकर आनंदाने घेतो. म्हणून येथेच, घरचे जेवण खात, वर्ष-दोन वर्षे काम करून ही परीक्षा द्यावी आणि मग बाहेर पडावे. रिकाम्या हाताने गेलेल्या पदवीधराला तेथे हमालाहून थोडा बरा पगार मिळतो.

ज्यांचा घरचा धंदा वेगळा आहे त्यांनी आपापला बाजार ओळखावा. बिदरी कामासाठी बिदर, लाकडी खेळण्यांसाठी चन्नपट्टण, फरशीसाठी मोरबी, कापडासाठी सुरत, पितळेसाठी मुरादाबाद. औषधांत बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्यांना हैदराबाद, वापी आणि गोवा. यांपैकी सुरतेत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. बिदर, हैदराबाद आणि बंगळुरू येथे दखनीमुळे पहिले सहा महिने तोंड बंद ठेवावे लागत नाही, हा फायदा लहान समजू नये.

पगाराचा आकडा फसवतो

समजा, एका मुलाला बंगळुरूत २८ हजारांची आणि दुसऱ्या राज्यातील एखाद्या मध्यम गावी २१ हजारांची नोकरी मिळते आहे. घरात सगळे म्हणतील, २८ हजार घे. आता वही उघडा. बंगळुरूत वाटणीची खोली ९ हजार, जेवण ५ हजार, बस-मेट्रो अडीच हजार, घरी येण्याजाण्याचा महिन्याचा हिस्सा २ हजार. उरले साडेनऊ हजार. मध्यम गावी खोली साडेतीन हजार, जेवण ४ हजार, प्रवास पाचशे, घरचा प्रवास तितकाच २ हजार. उरले ११ हजार. शिवाय बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची जुनी पद्धत आहे. आता काही घरमालक कमी घेतात, पण दहा धरले तर ९० हजार रुपये पहिल्याच दिवशी अडकतात. ही रक्कम उभी करायला कोणी व्याजाने पैसे उचलले तर पुढचे वर्ष त्याच फेडीत जाते, आणि अनामत परत घेताना रंगकामाच्या नावाने कापाकापी होते ती निराळीच.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे तुम्ही घाला. बंगळुरू वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. संगणकाच्या कामात पाच वर्षांनी पगार कोठे जातो ते पाहता काहींना तेच योग्य ठरेल. पण हिशेब न करता जाऊ नये.

घरी येण्याचा खर्च मुले विसरतात आणि आया विसरत नाहीत. पनवेल हे कोकण रेल्वेच्या वाटेवरचे मोठे स्टेशन आहे. गोवा, मंगळूर आणि केरळकडे येथून थेट गाडी मिळते. कच्छकडे येथून थेट गाड्या मोजक्याच आहेत. ईदच्या आठवड्यात तिकीट मिळेल का, हा प्रश्न नोकरी घेण्यापूर्वीच विचारावा.

घर मिळणे

हा विषय कटू आहे, पण टाळता येणार नाही. नाव ऐकून घर नाकारण्याचा अनुभव आपल्या अनेक मुलांना मोठ्या शहरांत येतो. यावर रागावून उपयोग नाही आणि नाव लपवून तर अजिबात नाही. आमचा सल्ला व्यवहाराचा आहे. दलालाला पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगावे आणि मालकाचा होकार येईपर्यंत एक रुपयाही टोकन देऊ नये. टोकन दिल्यावर मालकाने नकार दिला तर दलाल पैसे परत करायला महिने लावतो. पहिले दोन-तीन महिने पेइंग गेस्ट किंवा होस्टेलमध्ये राहून मग खोली शोधावी. मुलींसाठी केंद्र सरकारच्या सखी निवास योजनेखालील नोकरदार महिलांची वसतिगृहे आहेत, त्यांची चौकशी त्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी. आणि शक्य असेल तर नोकरी स्वीकारण्यापूर्वी एक आठवडा त्या गावी राहून यावे. त्यात एक शुक्रवार धरावा. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर चार दुकानदार भेटतात. कोणत्या मोहल्ल्यात भाडे किती, पाणी किती दिवसांनी येते, कोणता मालक बरा, हे त्यांच्याइतके खरे कोणी सांगत नाही. मात्र सगळ्यांनी एकाच मोहल्ल्यात गर्दी करावी असेही आम्हाला वाटत नाही. तेथे भाडे चढते आणि कामावर जायला दोन तास मोडतात.

भाड्याचा करार लेखीच हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. इतर अनेक राज्यांत वर्षाच्या आतील भाडेकरार नोंदवत नाहीत, म्हणून ११ महिन्यांचा साधा कागद हातात ठेवतात. बँक आणि गॅस कंपनी तो कधी मानते, कधी मानत नाही. पत्त्याचा दुसरा पुरावा मिळेपर्यंत कंपनीकडून पत्त्याचे पत्र मागून घ्यावे.

गुजरातेत पुढे दुकान किंवा घर विकत घेण्याचा विचार असेल त्यांनी तेथील १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा समजून घ्यावा. अहमदाबाद, वडोदरा, सुरत अशा शहरांतील जे भाग या कायद्याखाली जाहीर झाले आहेत तेथे मालमत्तेच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. बयाणा देण्यापूर्वी तो भाग यादीत आहे का ते पाहावे.

कोणता कागद सोबत येतो, कोणता येत नाही

सर्वांत मोठा गैरसमज जातीच्या दाखल्याबद्दल आहे. मोमीन, तांबोळी, बागवान आदी बिरादऱ्यांच्या मुलांकडे महाराष्ट्राचा ओबीसी दाखला असतो. हा दाखला घेऊन दुसऱ्या राज्याच्या सरकारी नोकरीत किंवा कॉलेजात त्या राज्याचे आरक्षण मिळत नाही, तेथे तुम्ही खुल्या वर्गात मोडता. तुमची जात केंद्राच्या यादीतही असेल तर केंद्र सरकारच्या भरतीत मात्र मूळ राज्यातून काढलेला केंद्रीय नमुन्यातील दाखला चालतो, मग तुम्ही राहत कोठेही असा. तेव्हा जाण्यापूर्वी राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही नमुने तहसीलमधून काढून ठेवावेत. नंतर एका सहीसाठी हजार किलोमीटर यावे लागते.

डोमिसाइलचेही तसेच. महाराष्ट्राच्या दाखल्याला साधारण १५ वर्षांचे वास्तव्य पाहतात आणि इतर राज्यांचे आपापले नियम आहेत. तेलंगणात स्थानिक उमेदवाराचा नियम कडक आहे. कर्नाटकात बिदर, कलबुर्गी, रायचूर या भागांना २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) चे खास संरक्षण मिळाले आहे. ज्याला सरकारी नोकरीच हवी आहे त्याने परराज्याचा विचार सोडून द्यावा. खासगी नोकरीला ही अट आडवी येत नाही. कर्नाटक सरकारने जुलै २०२४ मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देण्याचे विधेयक आणले होते, पण विरोध झाल्यावर ते थांबवले. असे वारे अधूनमधून वाहतात.

नावाच्या स्पेलिंगकडे कृपया लक्ष द्या. दहावीच्या सर्टिफिकेटवर शेख एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे, पासपोर्टवर वडिलांचे नाव मागे-पुढे, हे आपल्याकडे सर्रास आढळते. गावात सगळे ओळखतात म्हणून चालून जाते. तमिळनाडूत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात, तेथे आपले तीन शब्दी नाव आधीच गोंधळ घालते. पॅन, आधार, बँक आणि प्रॉव्हिडंट फंड यांत एका अक्षराचा फरक राहिला तर फंडाचा पैसा अडकतो. राजपत्रात नाव दुरुस्त करून घेणे येथे असतानाच सोपे आहे. पुढे शिकायचे असेल तर मुंबई विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही त्याच फेरीत घ्यावे.

मोटारसायकल नेणाऱ्यांसाठी दोन ओळी. लायसन्स देशभर चालते. गाडी मात्र दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तेथे नवा नंबर घ्यावा लागतो, त्याआधी पनवेलच्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि कर पुन्हा भरावा लागतो. जुनी गाडी असेल तर येथेच विकून टाकलेली बरी.

मुलगा परराज्यात गेला की वडिलांना वाटते, आता आपला माल तिकडे विकू. चांगली कल्पना आहे, पण जीएसटीचे एक कलम ध्यानात ठेवावे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तू बनवणाऱ्या कारागिरांना यातून २० लाखांपर्यंत सूट आहे, पॅन आणि ई-वे बिल मात्र हवे. मुलाने तेथे स्वतःचे दुकान टाकले तर त्या राज्याचा वेगळा नंबर घ्यावा लागेल, आणि तेलंगणात मालासाठीही मर्यादा २० लाखच आहे. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवे.

जाण्यापूर्वी सातबारा पाहा

आता चिरनेरच्या मुलाचे वेगळेपण. तो बाहेर निघाला आहे आणि बाहेरचे जग त्याच्या गावाकडे येते आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच सुमारास उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. राज्य शासनाने २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. या नवनगराच्या नावातच कर्नाळा आणि साईबरोबर चिरनेर आहे. विरार-अलिबाग मार्गिकाही याच तीन तालुक्यांतून जायची आहे.

त्यामुळे काही घरांत उलटा प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते. मुलाला खरेच जायला हवे का? बंदर आणि विमानतळ यांच्या मालवाहतुकीत ज्याला रस आहे त्याने दोन वर्षे येथे थांबून पाहावे. ज्याचा धंदाच दुसरीकडे आहे त्याने खुशाल जावे, पण जमिनीचे कागद तसेच सोडून नव्हे. अनेक घरांत सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. वारस नोंद झालेली नाही, किंवा झाली तर फक्त भावांची झाली. बहिणींची नावे गाळलेली नोंद शरीअतलाही धरून नाही आणि मोबदल्याच्या वेळी तीच अडते. एक हरकत आली की सगळ्या हिस्सेदारांचा पैसा थांबतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस आहेत. मुलगा चेन्नईत असेल आणि नोटीस आजीच्या हाती पडली तर हे दिवस कधी संपले ते कळतही नाही.

तेव्हा तलाठ्याकडे जाऊन फेरफार पुरा करून घ्यावा. घरातल्या एका माणसावर नोटिशी पाहण्याची जबाबदारी द्यावी आणि त्याला लागलेच तर त्या कामापुरतेच, मुदतीचे मुखत्यारपत्र करून द्यावे. गावात फिरणारे दलाल तुम्ही परगावी चालला म्हणून सर्वाधिकाराचे कुलमुखत्यारपत्र मागतील. त्यावर सही करू नये, मग समोर कितीही रोख ठेवो.